बोटीपर्यंत येऊन परत फिरणारा मस्की: एका मोसमाची हकीकत

पार्श्वभूमी

मिनियापोलिस शहराच्या पश्चिमेला लेक मिनटोंका हे सुमारे १४,००० एकरांचं तळं आहे. त्याला एक काठ नाही. अरुंद खाड्यांनी एकमेकांना जोडलेले कितीतरी लहानमोठे 'बे' मिळून ते बनलं आहे. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी इतक्या बोटी फिरतात की पाणी दिवसभर हेलकावत राहतं. या तळ्यात मस्की आहेत. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं तिथे मस्कीची पिल्लं सोडतं.

मस्की म्हणजे मस्केलंज, पाइकच्या कुळातला, मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा. हे नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलं आहे. अंग लांबट, जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ. ही ठेवण दबा धरून एकदम झेप घेणाऱ्याची आहे. इथले जुने लोक त्याला दहा हजार कास्टचा, म्हणजे दहा हजारदा गळ फेकल्यावर मिळणारा, मासा म्हणतात. मिनेसोटात ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठा मिळाला तरी जवळजवळ सगळे सोडूनच देतात. पकडून सोडायची ही रीत रुजवण्यात १९६६ साली सेंट पॉलमध्ये सुरू झालेल्या मस्कीज इन्कॉर्पोरेटेड या संघटनेचा मोठा वाटा आहे.

ही हकीकत आमच्या एका स्नेह्यांची आहे. त्यांना इथे भाऊ म्हणतो. पन्नाशीला आलेले, मूळ मालवणकडचे, वीसेक वर्षं मिनेसोटात. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचे, त्यामुळे हाताला दोरीची जाण उपजत. वॉलआय, बास, पाइक हे इथले मासे त्यांना सहज मिळायचे. मस्कीच्या मागे ते पहिल्यांदाच गंभीरपणे लागले होते. मी दहा-बारा वर्षं मस्की गरवतो. त्या मोसमात बहुतेक वेळा त्यांच्या बोटीवर मागच्या खुर्चीत मी असायचो, आणि शेवटी जाळंही मीच धरलं.

अडचण

मस्कीचा मोसम जूनच्या पहिल्या शनिवारच्या आसपास उघडतो. जुलैच्या मध्यापर्यंत भाऊंच्या वहीत ११ फॉलोंची नोंद होती आणि चाव्याच्या रकान्यात शून्य. फॉलो म्हणजे ल्यूअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, ओढत आणताना मासा त्याच्यामागून येतो, कधी हातभर अंतरावरून, कधी खोलातून नुसती सावली होऊन. बोटीपाशी येतो, क्षणभर थांबतो आणि बुडतो. चार फुटांचा मासा पायाशी येऊन असा जातो तेव्हा गुडघे खरोखर लटपटतात. अकराव्या फॉलोनंतर भाऊ रॉड खाली ठेवून एवढंच म्हणाले, "मासो दिसता, पण गावणा नाय."

प्रत्येक फॉलोनंतर त्यांनी एकच गोष्ट केली होती, ल्यूअर बदलला होता. काळ्या बकटेलमागे (केसांचा झुबका आणि फिरतं पातं असलेला ल्यूअर) मासा आला की पुढच्या वेळी नारिंगी. नारिंगीमागे आला की रबरी. रबरीमागे आला की पाण्यावर खळखळणारा टॉपवॉटर. दीड महिन्यात १४ नवे ल्यूअर आले आणि वहीत रंग, आकार, पात्यांचे नंबर यांनी पानं भरली. मला ती वही बघून वाईट वाटलं. इतकी निष्ठेने ठेवलेली नोंद, आणि तिच्यात नेमकी हवी ती गोष्ट नाही.

मासा मागे का येतो आणि तोंड का उघडत नाही, याचं एकच असं उत्तर नाही. पोट भरलेलं असू शकतं. पाणी नितळ असेल तर त्याला ल्यूअर नीट न्याहाळता येतो. मिनटोंकात २०१० साली झेब्रा शिंपले सापडले, आणि हे शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. शिवाय मस्कीच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला आणि जबड्याखालच्या छिद्रांना पाण्यातली थरथर कळते, म्हणजे तो नुसत्या डोळ्यांनी नाही, अंगानेही येतो. एक गोष्ट मात्र मला पक्की वाटते. मागे आलेल्या माशाला ल्यूअर आवडलेला असतो, नाहीतर तो आलाच नसता. म्हणून फॉलोनंतर ल्यूअर बदलणं हे बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर असतं.

कोणते पर्याय होते

जुलैच्या मध्यावर आम्ही भाऊंच्या ओट्यावर बसून चार वाटा मांडल्या.

पहिली वाट तळं बदलण्याची. उत्तरेला लीच लेक आहे, मिल लॅक्स आहे. मिल लॅक्समधला मासा मोठा, पण तिथे मोकळं पाणी, लाटा मोठ्या आणि भाऊंची बोट १७ फुटांची. जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो. शिवाय फॉलो तिथेही येतात. भाऊंना मासे सापडत होतेच, त्यामुळे मासे शोधायला आणखी दूर जाण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

दुसरी वाट ट्रोलिंगची, म्हणजे ल्यूअर मागे सोडून बोट चालवत राहायची. ती भाऊंनी लगेच नाकारली. "हातात दोरी नसली तर मी गरवतोय कशाला?" यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

तिसरी शरद ऋतूत जिवंत सकर मासा आमिष म्हणून लावायची. ती ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवली.

चौथी वाट, आहे त्याच जागी आणि आहे त्याच ल्यूअरने शेवटचे तीन मीटर सुधारायची. इथले मस्कीवाले बोटीपाशी 'फिगर-एट' करतात. ल्यूअर पाण्याबाहेर न काढता रॉडचं टोक पाण्यात खुपसून आठाच्या आकड्यासारखा फिरवत ठेवायचा. भाऊंना हे माहीत होतं आणि आपण ते करतो अशी त्यांची खात्री होती. वही मात्र वेगळं सांगत होती. मी त्यांना प्रत्येक फॉलो आठवून एकच गोष्ट लिहायला लावली: मासा नेमका कुठे वळला आणि त्या क्षणी तुमचा हात काय करत होता. ११ पैकी ९ मासे बोटीपासून दोन रॉडच्या अंतरात वळले होते. त्यातल्या आठ वेळा, मासा दिसताच भाऊंनी रील थांबवलं होतं.

माझ्या मते पूर्ण मोसमातला सर्वांत महत्त्वाचा शोध हाच. मासा बघून माणूस थबकतो. ल्यूअर पाण्यात निर्जीव होतो, त्याचं पातं, म्हणजे ब्लेड, फिरायचं थांबतं. ज्याच्यामागे मासा धावत होता ते सावज पळता पळता एकाएकी मेलं. जिवाच्या भीतीने पळणारं कुठलंही सावज असं करत नाही.

पहिली पायरी: धक्क्यावरचा सराव

मग आम्ही मासेमारी सोडून सराव केला. चार संध्याकाळी एका ओळखीच्यांच्या धक्क्यावर, ल्यूअरचे गळ काढून. वहिनी फोनवर चित्रण करायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, वळताना तुमचं ते पातं फिरतच नाही." फोनमध्ये स्पष्ट दिसत होतं. भाऊ जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत वळत होते. एवढ्या आखूड वळणावर ब्लेड अडतं. चार फुटांच्या माशालाही तिथे वळता येत नाही. त्याचं अंग सरळ झेपेसाठी आहे, गिरक्यांसाठी नाही. भाऊंचा आठ आपल्या ८ सारखा होता, एक रेघ खाली, एक रेघ वर आणि बाजू उघडी. इथे हवा इंग्रजीतला दोन पूर्ण पोटांचा आठ. खरं तर आठापेक्षाही लांबट मोठं वर्तुळ बरं.

दुसरी चूक दोरीची. भाऊ लीडर, म्हणजे ल्यूअरच्या आधीची मजबूत तार, अगदी रॉडच्या टोकाला लागेपर्यंत रील ओढत होते. टोकापासून ल्यूअरपर्यंत हात-दीड हात मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर ल्यूअर रॉडला टांगल्यासारखा फिरतो. तिसरी अडचण रॉडची. त्यांचा रॉड सात फुटांचा होता. तेवढ्या रॉडने मोठं वळण घ्यायला पाठ मोडते. त्यांनी नऊ फुटांचा घेतला. १४ ल्यूअरांच्या पैशांत असे दोन आले असते.

चौथ्या संध्याकाळपर्यंत हे बसलं: ल्यूअर बोटीपासून दहा फुटांवर आला की टोक पाण्यात, वेग जरा वाढवायचा, पहिलं वळण रुंद आणि खोल, बाहेरच्या बाजूने येताना ल्यूअर वर उचलायचा, आणि कुठेही थांबायचं नाही. आणि हे प्रत्येक कास्टला, मासा दिसो वा न दिसो. शेवटचा नियम भाऊंना सर्वांत जड गेला, कारण दिवसाला दोन-तीनशे कास्ट होतात. पण खोलातून येणारा मासा बऱ्याचदा पहिल्या वळणापर्यंत दिसतच नाही. सवय नसेल तर दिसतो तेव्हा हात पुन्हा थबकतो.

थांबण्याचा निर्णय

सराव झाला आणि नेमकं पाणी तापलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पृष्ठभागाचं तापमान ८० अंश फॅरनहाइटवर गेलं, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअस. या तापमानाला लढून थकलेला मस्की सोडला तरी नंतर मरू शकतो. पोहून गेलेला दिसतो आणि तळाशी जाऊन संपतो. भाऊंनी त्या आठवड्याची रजा टाकली होती. वर्षभरात त्यांना एवढीच सलग रजा मिळते.

त्यांचं म्हणणं होतं की पहाटे पाणी दोन अंशांनी थंड असतं, तेवढा वेळ जाऊ. मी नको म्हटलं. आमच्यात थोडी बोलाचालीही झाली. मग त्यांनाच घरचं आठवलं. पावसाळ्यात किनाऱ्यावर बंदी असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग त्या दर्यात घालायची रीत आहे. माशाला त्याचा वेळ द्यायचा ही गोष्ट त्यांना शिकवायची गरज नव्हती. शिवाय श्रावण लागत होता आणि वहिनींचं मत त्या बाबतीत आधीच ठरलेलं होतं. रजेचा आठवडा मुलांबरोबर धक्क्यावर ब्लूगिल नावाचे छोटे मासे पकडण्यात गेला. मस्कीचे रॉड महिनाभर भिंतीला टेकून होते.

निसटलेला पहिला

ऑगस्टच्या अखेरीस पाणी सत्तरच्या पहिल्या अंशांवर उतरलं. दुसऱ्याच संध्याकाळी, पाणगवताच्या कडेला, काळ्या बकटेलवर फॉलो आला. भाऊ थबकले नाहीत. पहिलं वळण गेलं, दुसऱ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला मासा उसळला आणि रॉड वाकला. भाऊंनी तो सरळ आकाशाकडे उचलला. एका सेकंदात सगळं सैल.

खाडीत बारीक गरीवर मासा लागला की हात वर जातो. लहानपणापासूनची ती सवय. मस्कीचं तोंड हाडासारखं कठीण असतं, आणि इतक्या जवळून वर ओढलं की गळ त्याच्या तोंडातून बाहेरच येतो. रॉड आडवा, माशाच्या शेपटीच्या दिशेने ओढायचा म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. हे मी आधी सांगायला हवं होतं. चाव्यापर्यंत पोचण्याच्या तयारीत आम्ही चाव्यानंतरचा विचारच केला नव्हता. तोंडाशी आलेला घास गेला त्यात माझा वाटा आहे, आणि ते मी त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं.

सप्टेंबरच्या मध्यात एक ४१ इंची मासा याच पद्धतीने मिळाला, आडव्या ओढीने. आनंद झाला, पण भाऊंचं मन दुसरीकडे होतं.

कोपऱ्यावरची मादी

एका बेच्या तोंडाशी गवताचा एक कोपरा खोल पाण्यात घुसला आहे. तिथे जूनपासून एक मोठा मासा तीनदा मागे आला होता. डाव्या बाजूला, शेपटीच्या थोडं पुढे पांढरा व्रण. मस्कीत मोठ्या बहुतेक माद्या असतात, म्हणून आम्ही तिला मादीच म्हणायचो.

कोजागरीच्या आदल्या दुपारी आम्ही तिथे गेलो. पाणी साठच्या आत आलं होतं. बरंचसं गवत तपकिरी पडून आडवं झालेलं, पण कोपऱ्यावर अजून एक हिरवा पट्टा उभा होता. अशा उरलेल्या हिरव्या गवताशी मासा टिकतो. साडेतीनला रबरी ल्यूअरमागे ती आली, खोल, संथ. एक पूर्ण वळण मागे राहिली आणि बुडाली. व्रण मी पाहिला.

इथे निर्णय घ्यायचा होता. भाऊंचा हात दुसऱ्या रॉडकडे गेलाच होता. त्यांना तिथेच तासभर एकेक ल्यूअर टाकून बघायचा होता. माझं म्हणणं होतं की तिने तिचा पत्ता दिला आहे, आता वेळ बघू. फॉलो हा मला निरोप वाटतो: मी इथे आहे, पण आत्ता नाही. मध्यम मार्ग ठरला. वेगळ्या चालीचा एकच ल्यूअर, तोही एकदाच, हळू. काही झालं नाही. मोटर न लावता वाऱ्याने बोट दूर जाऊ दिली आणि आम्ही दुसऱ्या बेमध्ये गेलो.

परत कधी यायचं हेही नीट ठरवलं. सूर्यास्त साडेसहाच्या सुमाराला होता आणि चंद्रोदय त्याच्या थोडा आधी. चंद्राबद्दल मस्कीवाले खूप बोलतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मस्कीज इन्कॉर्पोरेटेडच्या सभासदांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी तपासल्या गेल्या. चंद्राचा परिणाम दिसला, तो थोडका होता आणि मोठ्या माशांत जास्त. मी चंद्रासाठी घर सोडणार नाही. पण मासा कुठे आहे हे माहीत असताना चंद्रोदय आणि सूर्यास्त एकत्र येत असतील, तर तो अर्धा तास मी दुसरीकडे घालवणारही नाही.

सहा वाजून गेल्यावर परतलो, दुपारच्या उलट बाजूने, म्हणजे बोट खोल पाण्यात आणि कास्ट गवताच्या कडेला समांतर. जाळं उघडून ठेवलं, पक्कड आणि गळ तोडायची कात्री हाताशी. ड्रॅग, म्हणजे दोरी सुटायचा रीलवरचा ताण, तपासला. भाऊंनी काळं बकटेल लावलं, जूनमध्ये ज्याच्यामागे ती पहिल्यांदा आली होती तेच. बोटं गारठली होती.

पाचवा कास्ट. काही दिसलं नाही. टोक पाण्यात, पहिलं वळण, दुसरं वळण, रिकामं. मला वाटलं आता ते ल्यूअर उचलतील. त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या वळणात खालून काहीतरी फिकट वर आलं. भाऊंचा वेग तसाच राहिला, किंचित वाढलाच. चौथ्याला ल्यूअर वर येत असताना तिने तोंड उघडलं. पाण्याचा आवाज मोठ्याने झाला नाही, फक्त ब्लेडची थरथर थांबली. रॉड आडवा गेला.

दीड-दोन मिनिटांत ती जाळ्यात होती. जाळं पाण्यातच ठेवून एक गळ पकडीने काढला, दुसरा खोल होता म्हणून सरळ कापला. ओल्या पट्टीवर ४७ इंच. एक फोटो, आडवी धरून, पोटाखाली हात. मग शेपटीचं मूळ धरून तिला पाण्यात उभी ठेवली, कल्ले चालू झाले आणि तिने स्वतःच हात सोडवून घेतला. डाव्या बाजूला व्रण नव्हता.

निष्पत्ती आणि आज वेगळं काय केलं असतं

मोसमाअखेर भाऊंच्या वहीत २३ फॉलो, तीन चावे, दोन मासे. तिन्ही चावे बोटीपाशी, वळणात. त्यातला एकही ल्यूअर जुलैनंतर घेतलेला नव्हता.

४७ इंची नेमकी कशामुळे मिळाली हे सांगणं कठीण आहे. वेळ बदलली होती, बाजू बदलली होती, ल्यूअर बदलला होता, आणि शिवाय ती दुपारचा मासाच नव्हती. त्या कोपऱ्यावर एकापेक्षा जास्त मासे आहेत हे आम्हाला चार महिने कळलं नव्हतं. जूनपासून एकच मासा धरून चालण्याची चूक दोघांची. व्रणाची नोंद फक्त एका फॉलोला होती, बाकी दोन आम्ही मनाने तिच्या नावावर टाकले होते.

पुन्हा करायचं झालं तर वहीत पहिल्या दिवसापासून मासा वळल्याची जागा आणि हाताची हालचाल लिहायला लावेन, रंग नंतर. धक्क्यावरचा सराव मेमध्ये, मोसम उघडायच्या आधी करेन, आणि त्यात चावा लागल्यावरची ओढही घेईन. एकाने ल्यूअर हाताने धरून ओढला तरी ती शिकता येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पाणी ७८ ला असताना, आम्ही दोन संध्याकाळी गेलो होतो. तेव्हा मासा लागला नाही म्हणून काही बिघडलं नाही. लागला असता तर त्याचं काय झालं असतं हा विचार मला अजून बोचतो. आता ७५ ला पोचलं की आम्ही रॉड ठेवून देतो.

दुपारी तिथेच थांबून मारा करत राहिलो असतो तर काय झालं असतं, यावर आमचं एकमत झालेलं नाही. भाऊंना अजून वाटतं की व्रणवाली साडेतीनलाच घेतली असती. त्यांनी रॉडच्या मुठीजवळ पांढऱ्या रंगाने एक बारीक रेघ ओढली आहे, टोक पाण्यात किती खोल जायला हवं त्याच्या मापाची, आणि जूनच्या पहिल्या शनिवारसाठी त्या कोपऱ्यावर पहाटेची वेळ मागून ठेवली आहे.